‘बायकांना रस्ते कळत नाहीत’ आणि मेंदूचे रंगीत फोटो

साधारण तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) एक काका-काकू नेहमीप्रमाणे बीपी तपासायला आले होते. काकू निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वय 66. गोळ्या लिहून झाल्यावर काका हसत म्हणाले, “डॉक्टर, हिची एक गंमत सांगतो. परवा मंडईतून येताना चुकली. वीस वर्षं जातेय त्याच रस्त्यानं! पार कॉलेजच्या चौकात जाऊन उभी. शेवटी भाजीवाल्याच्या पोरानं घरी आणून सोडलं.” काकू ओशाळल्या. “अहो, पाऊस होता, काही सुचेना,” एवढंच म्हणाल्या. त्यावर काका म्हणाले, “पाऊस कसला! बायकांना रस्ते कळतात का कधी? काय डॉक्टर?”

आणि मी हसलो.

अकरा महिन्यांनी त्यांची मुलगी काकूंना घेऊन आली. तोवर दोनदा गॅस चालू राहिला होता, पेन्शनच्या बँकेत सही करताना त्या अडखळल्या होत्या आणि एकदा रात्री शेजाऱ्यांच्या दारात उभ्या राहून ‘आमचं घर कुठलं’ असं विचारत होत्या. रक्ताच्या तपासण्या, एमआरआय, न्यूरॉलॉजिस्टचं मत हे सगळं झालं. निदान: अल्झायमर.

अकरा महिने आधी कळलं असतं तर आजार बरा झाला असता का? नाही. पण गोळ्या आधी सुरू झाल्या असत्या. घराची कागदपत्रं, बँकेची नामांकनं, मृत्युपत्र या गोष्टी काकूंना स्वतःच्या बुद्धीनं ठरवता आल्या असत्या. आता त्या दुसऱ्यांनी ठरवल्या. ओळखीच्या रस्त्यावर चुकणं हे अल्झायमरचं फार लवकर दिसणारं लक्षण असू शकतं, हे मला पाठ होतं. तरीही एका शिळ्या विनोदानं माझे कान बंद केले. म्हणून हा लेख रागानं लिहिला आहे, आणि त्यातला पहिला राग स्वतःवरचा आहे.

दुसरा राग मात्र व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या त्या फोटोवर आहे. तुम्हीही तो पाहिला असेल. दोन मेंदू शेजारी शेजारी, एकात डावीकडे लाल ठिपका, दुसऱ्यात उजवीकडे पिवळा. खाली मजकूर: ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं! पुरुषांच्या मेंदूत नकाशा असतो, स्त्रियांच्या मेंदूत नसतो!’ पूर्वी हा विनोद विनोद म्हणून तरी सांगितला जायचा. आता त्याला स्कॅनचा शिक्का लागला आहे. शिक्का लागला की घरातली मुलगी ‘मला नाही जमणार’ म्हणते, आईबाप मान डोलावतात आणि डॉक्टर हसतो.

तर तो शिक्का खरा आहे का ते पाहू.

आधी यंत्र समजून घ्या. एफएमआरआय म्हणजे चालू मेंदूचा व्हिडिओ नव्हे. मेंदूचा जो भाग काम करतो तिकडे ऑक्सिजनवालं रक्त थोडं जास्त जातं, आणि तो फरक काही सेकंदांनी यंत्राला चुंबकीय संकेतातून कळतो. फरक इतका बारीक असतो की एकच काम पुन्हा पुन्हा करून घ्यावं लागतं, त्यातून ‘काम न करतानाचं’ चित्र वजा करावं लागतं, मग अनेक माणसांची सरासरी काढावी लागते. मेंदूचे हजारो बारीक तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यासाठी ‘हा फरक योगायोगाचा आहे का’ हे गणित केलं जातं. ज्या तुकड्यांनी ठरवलेली रेघ ओलांडली त्यांना रंग दिला जातो. रेघेच्या जरा खाली राहिलेला तुकडा चित्रात राखाडीच दिसतो. म्हणून ‘इथे रंग नाही’ याचा अर्थ ‘इथे काम चालू नव्हतं’ असा होत नाही. हा मुद्दा पक्का लक्षात ठेवा, कारण सगळी गफलत इथेच होते.

गणितात ढिलाई केली तर काय होतं, हे 2009 मध्ये अमेरिकेतल्या काही संशोधकांनी मजेशीर पद्धतीनं दाखवलं. त्यांनी मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवला आणि त्याला माणसांचे फोटो दाखवले. योग्य ती दुरुस्ती न करता हिशोब केला तर माशाच्या मेंदूत ‘हालचाल’ दिसली! एफएमआरआय निकामी आहे असं मी म्हणत नाही. यंत्र उत्तम आहे. पण त्यातून निघणारं चित्र म्हणजे संख्याशास्त्राचं अनुमान असतं, फोटो नसतो.

आता मूळ अभ्यासाकडे येऊ. या विषयावर सर्वांत जास्त उद्धृत झालेला प्रयोग जर्मनीतल्या उल्म विद्यापीठातला आहे, 2000 साली ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये छापलेला. माणसं किती होती? 12 पुरुष, 12 स्त्रिया. स्कॅनरच्या नळीत निजून संगणकावरच्या भुलभुलैयातून बाहेर पडायचं होतं. पुरुष सरासरीनं लवकर बाहेर पडले. पुरुषांत डावा हिपोकॅम्पस वेगळा उठून दिसला. स्त्रियांत उजव्या बाजूचे पॅरायटल आणि प्रीफ्रंटल भाग दिसले. (हिपोकॅम्पस हा कानाच्या आतल्या बाजूला, मेंदूच्या तळाशी असलेला लहानसा भाग. नवी आठवण आणि जागांची ओळख यांचं मुख्य ठाणं. आपण कुठे आहोत हे सांगणाऱ्या त्याच्यातल्या आणि त्याच्या शेजारच्या पेशी शोधल्याबद्दल जॉन ओ’कीफ आणि मोझर दांपत्याला 2014 चं नोबेल मिळालं. त्या दांपत्यातल्या मे-ब्रिट मोझर या स्त्री आहेत, हे जाता जाता.)

फॉरवर्डमध्ये कधीच येत नाही ती गोष्ट अशी की त्याच अभ्यासात उजवा हिपोकॅम्पस स्त्री-पुरुष दोघांतही कामाला लागला होता. शिवाय दृष्टीचे भाग, पॅरायटल भाग, आणखी बरंच काही दोघांत सारखं होतं. म्हणजे भुलभुलैया सोडवणारं जाळं बहुतांशी एकच, त्यावर थोडा फरक. ‘स्त्रियांच्या मेंदूत नकाशा नसतो’ हे वाक्य त्या शोधनिबंधातून निघत नाही. ते कुणीतरी पदरचं घातलं.

आणि राहिलेला फरक कशाचा? संशोधकांचा अंदाज असा, की स्त्रिया खुणा लक्षात ठेवून चालत असाव्यात आणि पुरुष मोकळ्या जागेचा आकार धरून. असेलही. पण मग तो फरक पद्धतीचा झाला. 2000 साली संगणकावरच्या भुलभुलैयात कुणाचा हात बसलेला होता, हाही प्रश्न उरतोच. ज्याला खेळ नवा आहे त्याच्या मेंदूचा पुढचा भाग जास्त राबणार. नवशिक्या ड्रायव्हरचा राबतो तसाच.

खुणांवरून चालणं हे ‘बायकी’ असेल तर पुण्यातले यच्चयावत पुरुष बायकी म्हणायला हवेत. ‘मारुतीच्या देवळापाशी डावीकडे वळा, पुढे पिठाची गिरणी लागेल, तिच्या समोरच्या बोळात’ यापेक्षा वेगळा पत्ता कुठल्या पुरुषाला सांगताना तुम्ही ऐकलाय? उलट आमच्या आजोळी शेतावर राबलेल्या म्हाताऱ्या बायका ‘उगवतीकडच्या बांधाला’, ‘मावळतीच्या अंगाला’ अशाच बोलायच्या. घरातला हंडासुद्धा त्यांच्या लेखी दिशेनं ओळखला जायचा. त्या शाळेत गेल्या नव्हत्या आणि कुणाच्या सांगण्यावरून त्यांनी आपला मेंदू पुरुषी करून घेतला नव्हता.

आता फरक किती मोठा, हे पाहू. 24 जणांच्या प्रयोगावरून हे ठरत नाही, म्हणून शेकडो निष्कर्ष एकत्र करून पाहावे लागतात. रस्ता शोधण्याच्या चाचण्यांचं असं एकत्रित विश्लेषण 2019 मध्ये आलं. सरासरीत पुरुष पुढे, पण फरक लहान ते मध्यम. 13 वर्षांखालच्या मुलांत तो आणखी लहान. संख्याशास्त्राच्या भाषेतून घरच्या भाषेत आणायचं तर असं: रस्त्यावरून कोणताही एक पुरुष आणि कोणतीही एक बाई उचला, अशा 100 जोड्या करा. साधारण 60 जोड्यांत पुरुष पुढे असेल, 40 जोड्यांत बाई. उंचीसाठी हेच केलं तर 90 हून जास्त जोड्यांत पुरुष उंच निघेल. उंचीवरून अंदाज बांधलात तर बहुतेक वेळा बरोबर ठराल. रस्त्यांवरून बांधलात तर नाणं उडवण्यापेक्षा थोडंच बरं. एवढ्या फरकाच्या जोरावर समोरच्या एका माणसाबद्दल काहीही ठरवणं हा अडाणीपणा आहे.

मनातल्या मनात वस्तू फिरवून पाहण्याच्या चाचणीत पुरुषांची आघाडी याहून मोठी आणि टिकाऊ दिसते, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पण कोणती वस्तू कुठे ठेवली होती हे आठवण्याच्या चाचणीत सरासरीनं स्त्रिया पुढे असतात. तीसुद्धा जागांचीच आठवण, शास्त्रीय भाषेत अवकाशीय स्मृती. हिंगाची डबी, लॉकरची किल्ली, मुलाचा लसीकरणाचा कार्ड-कागद आणि खुद्द नवऱ्याचा चष्मा कुठे आहे, हे घरात कुणाला ठाऊक असतं? फ्रिजचं दार उघडून तीन मिनिटं उभ्या राहिलेल्या पुरुषाचा रंगीत मेंदू मात्र मला अजून कुणी फॉरवर्ड केलेला नाही.

दुसरा गाजलेला अभ्यास पेनसिल्व्हेनियाचा. भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञ रागिणी वर्मा यांच्या चमूनं 8 ते 22 वयाच्या 949 जणांच्या मेंदूतल्या जोडण्यांचे नकाशे काढले. 2013 च्या डिसेंबरात तो प्रसिद्ध झाला. पुरुषांत एकाच अर्धगोलाच्या आतल्या जोडण्या सरासरीनं जास्त, स्त्रियांत दोन अर्धगोलांमधल्या जास्त, असा निष्कर्ष होता. दुसऱ्याच दिवशी जगभरच्या वर्तमानपत्रांत मथळे: म्हणूनच पुरुषांना नकाशे कळतात! त्या अभ्यासात नकाशा वाचण्याची चाचणीच नव्हती. जोडण्यांवरून नकाशापर्यंतची उडी मधल्यामध्ये मारली गेली. शिवाय पुरुषांचा मेंदू आकारानं सरासरी 11 टक्के मोठा असतो, कारण शरीर मोठं असतं. मोठ्या घराचं वायरिंग लहान घरासारखं नसतं, मालक कुणीही असो. आकाराचा हिशोब नीट केला की असे बरेच फरक बारीक होत जातात, हे 2021 मध्ये लीझ एलियट आणि सहकाऱ्यांनी तीस वर्षांचं संशोधन चाळून दाखवलं. त्याआधी 2015 मध्ये तेल अवीवच्या डाफ्ना जोएल यांनी 1400 हून अधिक मेंदू तपासले. सगळे भाग ‘पुरुषी’ किंवा सगळे ‘बायकी’ असलेले मेंदू फार थोडे निघाले. बहुतेकांचा मेंदू म्हणजे गोधडी, निरनिराळ्या तुकड्यांची.

समजा, फरक आहे असं धरून चालू. तरी ‘मेंदूत दिसतो म्हणजे जन्मजात आहे’ हे कुठून आलं? मेंदूत सगळंच दिसतं. काल तुम्ही शिकलेला पदार्थही कुठेतरी मेंदूतच लिहिलेला असतो.

लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी सुमारे 25,000 रस्ते पाठ करावे लागतात, त्यात तीन-चार वर्षं जातात. एलिनॉर मॅग्वायर यांनी 2000 मध्ये 16 चालकांचे मेंदू पाहिले. हिपोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा होता. मग शंका आली की मोठा होता म्हणून ते चालक झाले, की चालक झाल्यामुळे मोठा झाला? 2011 मध्ये 79 उमेदवारांचा शिक्षणाआधी आणि नंतर स्कॅन केला. 39 जण परीक्षा पास झाले. वाढ फक्त त्यांच्यात दिसली. वापर झाला तसा मेंदूचा तो भाग वाढला. या अभ्यासांतले चालक सगळे पुरुष होते. म्हणजे पुरुषाच्या मेंदूतही नकाशा आयता बसवलेला नसतो, तो रस्ते तुडवूनच तयार होतो.

मग रस्ते तुडवायला कुणाला मिळतात, हा खरा प्रश्न. मुलगा सायकल काढून गावभर उंडारतो. मुलीला ‘कुठे चाललीस, कुणाबरोबर, सातच्या आत ये’. पुढे गाडीवर मागच्या सीटवर. मग वीस वर्षांनी तिची परीक्षा घ्यायची आणि निकाल मेंदूवर ढकलायचा!

हे नुसतं माझं म्हणणं नाही. 2011 मध्ये मेघालयात एक अभ्यास झाला. खासी समाजात घरदार धाकट्या मुलीकडे जातं, शेजारच्या कार्बी समाजात मालमत्ता पुरुषांकडे. सुमारे 1300 जणांना चार तुकड्यांचं कोडं जुळवायला दिलं. कार्बी पुरुष कार्बी स्त्रियांपेक्षा बरेच जलद निघाले. खासींमध्ये स्त्री-पुरुष फरक जवळजवळ दिसलाच नाही. बोलिव्हियाच्या जंगलातल्या त्सिमाने लोकांत स्त्रियाही रानात लांबवर फिरतात. तिथे दिशा ओळखण्यात स्त्री-पुरुष फरक आढळला नाही. (‘आदिम पुरुष शिकारीला जायचा म्हणून...’ ही गोष्ट सांगणाऱ्यांनी कंदमुळं शोधायला बाई रोज किती मैल चालायची याचाही विचार करावा.) आणि ‘सी हीरो क्वेस्ट’ नावाचा मोबाइल गेम, जो खास स्मृतिभ्रंशाच्या संशोधनासाठी 2016 मध्ये काढला होता, त्यातून जगभरच्या लाखो लोकांची माहिती जमली. पुरुष सरासरीनं पुढे होते, हे खरं. पण ज्या देशांत स्त्री-पुरुष विषमता कमी, तिथे हा फरकही कमी होता. फरक पूर्णपणे जन्मजात असता तर देशाच्या सीमेबरोबर तो कमी-जास्त का व्हावा?

टोरोंटोत 2007 मध्ये तरुण मुलामुलींना दहा तास अॅक्शन व्हिडिओ गेम खेळायला दिला, तेव्हा वस्तू मनात फिरवण्यातला फरक बराच भरून निघाला. मुलींना जास्त फायदा झाला. हाही प्रयोग लहानच होता, म्हणून त्यावर मी फार मोठी इमारत उभी करत नाही. 12 आणि 12 च्या प्रयोगावर आक्षेप घेऊन दुसरीकडे तेच करणं मला शोभणार नाही.

आता दुसऱ्या बाजूच्या मित्रमैत्रिणींनाही एक सुनावतो. ‘स्त्री-पुरुषांच्या मेंदूत काहीच फरक नाही, तो विषय काढूच नका’ हेही डॉक्टर म्हणून मला परवडत नाही. झोल्पिडेम या झोपेच्या गोळीचं उदाहरण घ्या. स्त्रियांच्या रक्तातून ती हळू उतरते, सकाळी गाडी चालवतानाही अंमल राहतो. 2013 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं स्त्रियांसाठी शिफारस केलेली मात्रा 10 मिलिग्रॅमवरून 5 वर आणली. तोवर वर्षानुवर्षं स्त्रिया दुप्पट मात्रा घेत होत्या. फरक शोधायला हवेत, मोजायला हवेत. माझी तक्रार शोधण्याबद्दल नाही, सापडलेल्या चिमूटभर फरकाची भाकरी थापण्याबद्दल आहे.

स्मृतिभ्रंशाच्या निदानात तर याची गरज फारच आहे. शब्द लक्षात ठेवण्यात स्त्रिया सरासरीनं पुढे असतात. आपल्या नेहमीच्या चाचण्या शब्दांच्या यादीवर बेतलेल्या. त्यामुळे मेंदूत आजार बराच पसरलेला असतानाही बाई ती यादी धडाधड म्हणून दाखवते आणि ‘नॉर्मल’ ठरते. काकू शिक्षिका होत्या, त्यांनी अशी यादी सहज म्हणून दाखवली असती. म्हणजे पाहा, एकीकडे चाचणी तिला झाकून टाकते, दुसरीकडे जे लक्षण उघडं पडतं त्यावर घरचे हसतात. अल्झायमरची सुरुवात बहुधा हिपोकॅम्पसच्या शेजारच्या, दिशा ओळखणाऱ्या पेशींच्या वस्तीतच होते, म्हणून रस्ता चुकणं लवकर दिसतं. आणि आपल्या देशात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रमाण 7.4 टक्के, स्त्रियांत पुरुषांपेक्षा जास्त. ज्यांच्यात आजार जास्त, त्यांच्याच लक्षणाची आपण चेष्टा करतो.

तेव्हा घरच्यांनी कशाकडे पाहायचं? माणूस इतर कुणापेक्षा कमी आहे का, याकडे नको. तो स्वतःच्या कालच्यापेक्षा बदललाय का, याकडे पाहा. नव्या शहरात, नव्या मॉलच्या पार्किंगमध्ये चुकणं यात काही विशेष नाही, मीही चुकतो. जन्मभर रस्त्यांच्या बाबतीत गोंधळणारी बाई आजही तेवढीच गोंधळत असेल तर घाबरू नका. पण रोजच्या देवळाच्या, दळणाच्या, बसस्टॉपच्या वाटेवर एकदा जरी गोंधळ झाला, घरातल्या घरात बाथरूमचं दार चुकायला लागलं, ओळखीचा चौक अनोळखी वाटला, तर डॉक्टरांकडे या. बाई असो वा बुवा. पुरुषांच्या बाबतीत उलटी गंमत होते: ‘ह्यांना सगळे रस्ते पाठ’ या समजुतीपायी ते स्वतः चुकल्याचं घरी सांगतच नाहीत.

येताना एवढं घेऊन या: चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, झोपेच्या आणि सर्दीच्यासुद्धा, कारण काही औषधांनीच गोंधळ उडतो. बी-12 आणि थायरॉईड तपासलं नसेल तर तपासू. शाकाहारी घरांत बी-12 ची कमतरता सर्रास सापडते आणि ती भरून काढता येते. डोक्याला मार लागला होता का, मन उदास आहे का, ऐकू कमी येतं का, हे विचारणार आहे. यातली कितीतरी कारणं सुधारण्यासारखी असतात. आणि कृपा करून एफएमआरआय करायचा का, असं विचारू नका. तो संशोधनातला प्रकार आहे, यात त्याचा उपयोग नाही.

माझ्या दवाखान्यात साठीपुढच्या प्रत्येकाला आता रिसेप्शनवरच एक प्रश्न विचारला जातो: ‘गेल्या सहा महिन्यांत ओळखीच्या रस्त्यावर कधी चुकलात का?’ उत्तर देताना सोबतचं माणूस हसलं, तर माझी असिस्टंट कागदावर फुली मारते, म्हणजे मी तो प्रश्न आत पुन्हा विचारतो.

काका अजून दर महिन्याला येतात. काकूंच्या पर्समध्ये त्यांनी पत्ता आणि फोन नंबर लिहिलेलं कार्ड ठेवलंय, मंडईत दोघं बरोबर जातात. मागच्या वेळी म्हणाले, येताना वळणावर मी मुद्दाम थांबतो आणि ही कुठे वळते ते बघतो. कधी बरोबर वळते, कधी नाही.